नुसतं पान

गंगापूर रोडवरच्या एका छोट्या आर्ट गॅलरीत मी कामाला आहे. लोक चित्रं बघायला येतात, किंमत ऐकतात आणि जाताना दारापाशी मांडलेल्या हातानं केलेल्या कार्डांतलं एखादं घेऊन जातात. ती कार्डं मांडणं माझ्याकडे. सण बदलला की मांडणी बदलायची. समोरच्या लाकडी स्टँडवर काय लावायचं ते मात्र मॅडम ठरवतात. मॅडम म्हणजे गॅलरीच्या मालकीणबाई. बोलायला गोड, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही.

यंदा मी धीर करून विचारलं, की बुद्धपौर्णिमेला समोरच्या स्टँडवर माझी कार्डं लावू का. त्या लगेच हो म्हणाल्या. मी हुरळून गेले.

कार्डं माझी म्हणायची, पण खरी मेहनत आईची. आमच्या कॉलनीतल्या विहारासमोर पिंपळ आहे. आई त्याची पानं वेचते, तीही गळालेलीच. झाडावरचं तोडायचं नाही हा तिचा नियम. घरामागे बादलीत ती पानं कितीतरी दिवस सडत पडतात. वास असा सुटतो की शेजारीण खिडकी आपटून बंद करते, आणि आई तिकडे ढुंकून बघत नाही. मग जुन्या टूथब्रशनं गर हलक्या हातानं काढायचा. शिरांची जाळी तेवढी उरते. ती मी पांढऱ्या कार्डावर चिकटवते. बस, एवढंच. त्यावर बुद्धाचं चित्र काढू का, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "झाडाखालची जागा मोकळी असू दे. ज्याला बसायचं तो बसेल."

आई गॅलरीत कधी आली नव्हती. तिथं आपलं काय काम, म्हणायची. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं, पण काचेच्या दाराच्या दुकानात शिरायचं तिच्या जिवावर येतं. या वेळी मात्र आपली पानं समोर लागलेली बघायला येते म्हणाली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच पांढरी साडी इस्त्री करून ठेवली.

पौर्णिमेला सकाळी मी गॅलरीत पोचले तर स्टँडवर लग्नाच्या आहेराची पाकिटं होती आणि त्यांच्यामध्ये माझी कार्डं. प्रत्येक पानाच्या मधोमध सोनेरी पत्र्याचा एक छोटा गणपती चिकटवलेला.

"काल तू गेल्यावर मी जरा हात फिरवला," मॅडम म्हणाल्या. "लग्नसराई आहे ना. नुसतं पान कोण घेतं गं? रिकामं रिकामं वाटत होतं."

गणपतीशी माझं काही भांडण नाही. पण डोक्यात तिडीक गेली. एक तरी तसंच राहिलंय का म्हणून सगळी कार्डं उलटीपालटी केली, नव्हतं. एकावरचा गणपती नखानं सोडवायला गेले तर जाळीही त्याच्याबरोबर निघून आली. ही बुद्धपौर्णिमेची होती मॅडम, असं मी म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, की मग काय झालं, देव सगळे सारखेच. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. निदान रागावता आलं असतं. त्यांना माहीतच नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आईला येऊ नको म्हणून फोन लावला. तिनं उचलला नाही. रिक्षातून उतरताना दिसलीच.

मॅडमनी तिला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि स्वतःच एक कार्ड तिच्या हातात ठेवलं. आवडलं ना काकू, असं विचारलं. आईनं पानाच्या कडेवरून, गणपती जिथं नव्हता तिथून, बोट फिरवलं.

"पान आमच्या झाडाचं आहे," ती म्हणाली.

"हो का? किती छान," मॅडम म्हणाल्या.

आईनं कार्ड परत दिलं, नमस्कार केला आणि निघाली. मला तिचाही राग आला. वर्गात पोरांना ताठ उभं राहायला शिकवणारी बाई इथं नमस्कार करून निघते. पण मी तरी काय केलं? तिला रिक्षात बसवलं आणि परत येऊन पाकिटं सरळ लावली.

लग्नसराईत ती कार्डं हातोहात संपली. मॅडमनी आणखी पानं मागितली. घरी आईला सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं, थोडी आशाच होती. तिनं फक्त विचारलं, "या वेळी नुसती लावतील?"

मी नाही म्हटलं. तेव्हा तिनं बादली उचलली, अर्धवट सडलेली पानं विहारासमोरच्या पिंपळाच्या बुंध्याशी ओतली आणि बादली घासून उन्हात उपडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, की आता आमच्याकडून पानं मिळणार नाहीत.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "पिंपळ काय, कुठेही असतो."