अड्याळच्या मंडईत आम्ही नमुने खाल्ले

दिवाळीचा उरलेला फराळ संपवण्याची जबाबदारी घरच्यांनी एकमताने माझ्यावर टाकली होती, तेवढ्यात देवानंदचा फोन आला.

"काय बे, आहेस नं? आमच्या गावची मंडई आहे. ये. अन् आमच्या प्रणालीचा फैसला करून जा."

देवानंद माझा वसतिगृहातला मित्र. अड्याळला शाळेत गणित शिकवतो. प्रणाली त्याची एकुलती एक. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि तिच्या मॅडमनी तिला नागपूरला संशोधनाच्या कामावर बोलावलं. काम काय, तर तलावांतले बारके मासे: कोणते उरले, कोणते गेले. बापाचं म्हणणं, बी.एड. कर आणि शाळेला लाग. महिनाभर घरात भांडी आपटल्यावर तोड निघाली. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी प्रणालीनं आपला विषय घरच्यांसमोर मांडायचा. पटला तर सोमवारी नागपूर, नाही पटला तर बी.एड. पंच म्हणून मी. आयुष्यभर जगाला नावं ठेवणारा माणूस माशांनाही ठेवेल, हा देवानंदचा हिशेब.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नागपूरहून भंडाऱ्याला एसटी सारख्या असतात. भंडाऱ्याला उतरून पवनीकडे जाणारी गाडी धरायची, अड्याळ वाटेतच लागतं. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे जागा त्यांना आणि दांडा आपल्याला, हे मनाशी धरूनच चढा. स्टँडवरचा आलुबोंडा रस्सा घालून खा. पोटाचं काय व्हायचं ते पुढच्या खड्ड्यांवर ठरतं. गावात लॉज वगैरे नाही. पण मंडईच्या दिवशी कोणाचाही पाहुणा म्हणून मिरवलात तरी उपाशी परत येणार नाही. धान कापून झालेला, बांध मोकळे, आणि प्रत्येक गावाची मंडई ठरल्या दिवशी. बाजार, पाळणे, दंडारीचं लोकनाट्य, आणि घरोघरी पाहुण्यांची रांग. ज्यांचं वर्षभर पटत नाही तेही या दिवशी एका पंगतीला बसतात, आणि भांडण तिथूनच पुढे सुरू करतात.

घरी पोचलो तर दारात देवानंद. "जय भीम! पोट घेऊन आला, चष्मा आणला का? बारके मासे आहेत, दिसाचे नाहीत तुले."

संध्याकाळी प्रणाली मला बोडीवर घेऊन गेली. शेताच्या कडेचं हे तळं, कमळाच्या पानांनी अर्धं झाकलेलं. तिला विचारलं, "एवढ्या जगात हाच विषय कायले?"

"आईमुळे जी, काका. लहानपणी आई धानाच्या बांधीतून मासे धरून आणे अन् ओट्यावर निवडे. खायचे एका बाजूले, बाकीचे कोंबड्यांले. खायच्यांले नावं राहत. मरळ, कोतरी, झिंगे. कोंबड्यांच्या ढिगातलं मी एक-एक उचलून विचारो, हे काय? आई म्हणे, किडा. हे? किडाच. एवढे वेगळेवेगळे, अन् सगळ्यांचं नाव एकच? मले राग ये."

या रागातून बी.एस्सी. झाली. प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा नातेवाइकांनी "म्हणजे जनावरांची डॉक्टर का?" असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर सगळ्यांचा रस संपला. ती मात्र सुट्टीच्या दिवशी बोड्या पालथ्या घालत राहिली. चिखलाचे पाय घेऊन घरी आली की देवानंद ओरडायचा, "आपल्याले शिका म्हटलं होतं, चिखल तुडवा नाही!"

उद्याच्या सुनावणीसाठी तिनं तीन बोड्यांतले मासे जमवून अंगणात टबात ठेवले होते. त्यात बोटाएवढा एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा होता. तो याच बोडीत मिळाला होता, बाकी कुठेच नाही. त्याच्याबद्दल ती बोलायला लागली की थांबत नव्हती. उद्या तोच तिचा मुख्य साक्षीदार.

मंडई पाहून आलो तोवर पंगत वाढलेली. मटण होतंच, शिवाय माशांचं झणझणीत कालवण आणि नव्या तांदळाचा भात. नाकाडोंगरीहून आलेल्या सुमनआत्यानं, म्हणजे देवानंदच्या मोठ्या बहिणीनं, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. देवानंद तीनदा रस्सा मागून बोटं चाटत म्हणाला, "बाई, असे मासे बाजारात नाही भेटत!"

नव्हतेच ते बाजारातले. सकाळी अंगणातून प्रणालीची किंकाळी आली. टब धुवून उपडा घातलेला होता.

"आत्या! टबातले मासे?"

"रांधले नं वो. काल सगळ्यायनं खाल्ले."

"माहे नमुने होते ते!"

"मले काय माहीत बाप्पा! मंडईचा दिवस, घरात पाहुणे, अन् अंगणात जित्ते मासे. आणखी कायले ठेवते माणूस?"

आत्याची चूक म्हणावी तर कशी? पाहुणा यायचा असला की मासे पाण्यात जिवंत ठेवायचे, ही इकडची रीतच. देवानंद पोट धरून हसला. "सुनावणी खतम. पुरावा पंचानंच खाल्ला. भर बी.एड.चा फॉर्म."

मला वाटलं पोरगी रडेल. तिनं डोळे पुसले, आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, काल काय खाल्लं?"

"मासे."

"कोणते?"

"बारके."

"वर्गात पोरगा उत्तर म्हणून 'बारकं काहीतरी' म्हणन, तर मार्क देता?"

देवानंदचं हसू थांबलं. वहिनी दाराआड हसायला लागल्या.

"त्यात एक पट्ट्याचा होता. मले एकच भेटला होता. तुमच्या ताटात गेला का काकांच्या, तेही माहीत नाही. आणखी आहेत का तो शेवटचा होता, हे कोण सांगन? आत्या?"

मी माझ्या पोटाकडे संशयानं पाहिलं. पंच म्हणून काही बोलणार, तोवर देवानंदनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

"चाल. जाळं घे. पट्टे आडवे का उभे?"

मग काय, मंडईच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा सगळं गाव झोप काढत होतं, गणिताचा मास्तर बोडीत कमरेएवढ्या पाण्यात. मी काठावर डबे धरून. सुरुवातीला "हाच आहे" म्हणून त्यानं जे जे वर काढलं, ते ते प्रणालीनं नापास केलं. "पट्टे नाहीत बाबा, चिखल आहे तो." देवानंद चिडला, पुन्हा वाकला. उन्हं डोक्यावर आली, डबे भरले, पट्ट्याचा काही मिळेना.

"उद्या पुन्हा पाहू," तो म्हणाला.

"उद्या सोमवार आहे, बाबा."

तो जाळ्यात अडकलेलं शेवाळ सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "तू जाय. मी पाहतो इकडे."

 प्रणालीनं माझ्या हातातला डबा घेतला आणि घराकडे निघाली. बॅग भरायची होती.

नागपूरला परतून आता काही आठवडे झाले. बुटांतला चिखल निघाला, पोटही सुधारलं. माझा निकाल कोणी विचारला नाही, आणि बिनकामाचा पंच होण्याचा हा अनुभव मला बराच मानवला. परवानग्या मी पुष्कळ पाहिल्यात: भाषणाच्या, हाराच्या, डोळ्यांत पाणी आणून दिलेल्या. शेवाळ सोडवता सोडवता दिलेली ही पहिलीच. अड्याळहून येताना हीच तेवढी बरोबर आली.

रविवारी सकाळी देवानंदचा फोन येतो, मागे पाण्याचा आवाज. प्रणाली तिच्या कामावर रुळली आहे. बापाला तो मासा अजून सापडलेला नाही. दोघांचंही उत्तम चाललं आहे.