नानांच्या पिकअपला डिस्क ब्रेक

मागच्या रविवारी नांदेडहून माहेरी गेले, ती भांडायच्या तयारीनेच. बसमध्ये सगळी वाक्यं पाठ करून ठेवली होती...

आमचं गाव रेणापूरजवळ. नाना, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा शेत धाकट्या भावाकडे, विलासकडे राहिलं. आईचे दागिने माझ्याकडे आले. आणि नानांची जुनी पिकअप अंगणात तशीच उभी राहिली... तिचं कुणी काही ठरवलंच नाही.

मला ती हवी होती.

त्याच गाडीतून नाना मला लातूरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर सोडायचे. बाकीच्या मुली कारमधून उतरायच्या आणि मी कांद्याचा वास घेऊन पिकअपमधून. फाटकात उभ्या असलेल्या सिस्टरना नाना मान लववून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे... संध्याकाळ असली तरी. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता त्या सीटसाठी जीव तुटतो.

उन्हाळ्यात विलासचा फोन आला होता. ब्रेकवरून गाडी पासिंगला अडकली, भंगारात द्यावी म्हणतोय. मी म्हटलं, देऊ नकोस, मी नेते. नांदेडच्या घरासमोर गुलमोहराखाली उभी करीन. चालवायची नव्हतीच मला... नुसती डोळ्यांसमोर हवी होती.

आणि मग कळलं की सुनंदानं, विलासच्या बायकोनं, ती परस्पर लातूरच्या गॅरेजला नेली. मागचा अख्खा एक्सल बदलला. पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले. नवी क्लच प्लेट, नवा शाफ्ट... मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो आले. सुनंदा पदर खोचून गाडीखाली वाकलेली, हात ग्रीसनं काळे, आणि चेहऱ्यावर काय ते हसू! मी जन्मात त्या गाडीखाली डोकावले नाही. पण तिनं डोकावलेलं बघवेना.

तर रविवारी पोचले. सुनंदा दारातच. “या अक्का! बघा तुमची म्हातारी कशी टुणटुणीत झालीय.”

“नानांचं काय उरलंय हिच्यात आता?” मी अजून चप्पलही काढली नव्हती.

“खालचं समदं नवं हाय. वरचं समदं नानांचंच.”

विलास म्हणाला, “ताई, तुम्हा दोघींच्या मधी मी पडत न्हाई,” आणि गोठ्याकडे सटकला. लहानपणापासून असाच आहे तो.

मग सुनंदा सांगत बसली. सोयाबीनची पोती टाकली की जुना एक्सल कण्हायचा, उतारावर गाडी डावीकडे ओढायची. “म्हणून मोठ्या गाडीचा एक्सल घातला. तर मेस्त्री रशीदभाई म्हणले, वजन न्यायची ताकद वाढवली, तर थांबायची बी वाढवा. म्हणून हे डिस्क.”

डावीकडे ओढायची... मला हे ठाऊकच नव्हतं. नानांच्या गाडीचं दुखणं मला माहीत नाही आणि हिला माहीत आहे. तिथं माझा तोल गेला.

“मला न्यायचीय ही गाडी,” मी म्हणाले. पाठ केलेली बाकी वाक्यं आठवलीच नाहीत.

तिनं पदराला हात पुसून किल्ली माझ्या हातात दिली. “न्या की. तुमच्या वडलांची हाय. पर आधी चालवून तर बघा.”

शेताच्या रस्त्यानं निघालो. मागे दुधाचा रिकामा कॅन, शेजारी सुनंदा दाराला धरून. पुलाचं वळण लांबूनच दिसलं आणि माझा पाय आपोआप उठला. याच रस्त्यावर एका सुट्टीत नानांनी मला शिकवलं होतं... ब्रेक लांबूनच मारायचा. तीनदा दाबायचा आणि चौथ्यांदा जीव खाऊन. त्या जुन्या ब्रेकना तेवढं लागायचंच.

मी जीव खाऊन दाबला. तीनदाचं विसरून, पहिल्याच दाबाला!

गाडी जागच्या जागी थिजली. कॅन गडगडत येऊन केबिनवर आदळला, माझा चष्मा मांडीत, सुनंदाचं कपाळ काचेला लागता लागता वाचलं. बांधावरच्या शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

सुनंदा एकदम हसत सुटली. “नानांचा पाय!”

“काय?”

“अवो, मी बी गॅरेजसमोर हेच केलं. रशीदभाई वरडले, ‘भाभी, अब नाना का पाँव छोडो!’”

मग तिनं सांगितलं, तेव्हा मला कळलं. शेवटच्या वर्षांत नानांना दिसेनासं झालं, तेव्हा सुनंदाच गाडी चालवायची. नाना शेजारी बसून स्वतःचा पाय खाली आपटत तिला शिकवायचे... तीनदा, आणि मग जीव खाऊन.

“अन् माझं चुकलं की तुमचं नाव घ्यायचे. ‘माझी पोरगी एका दिवसात शिकली, तुला काय झालं गं?’ लई राग यायचा तुमचा अक्का. खोटं कशाला बोलू.”

एका दिवसात? मी पहिल्याच दिवशी गाडी उसात घातली होती! तीन बैल लावून काढावी लागली. नंतर नानांनी किल्ली हातात दिलीच नाही, गाडी शिकले ती पुढे नांदेडला, क्लास लावून. सुनंदाला हे सांगितलं, तर ती डॅशबोर्डवर डोकं टेकून हसायला लागली. “म्हातारा लबाड निघाला की!”

परतताना हलक्या पायानं चालवली. अंगणात उतरून किल्ली तिच्याच हातात ठेवली. ज्या गाडीला एवढं नवं बळ आलंय, तिला गुलमोहराखाली उभी कशाला करायची...

मत्सर गेला असं मात्र म्हणणार नाही. परतीच्या बसमध्ये तो पुन्हा शेजारी येऊन बसला. नानांची ती शेवटची वर्षं तिला मिळाली, मला नाही. पण भावजयीचा वाटायचा तो मत्सर वेगळा होता, हा सख्ख्या बहिणीचा वाटतो तसा आहे.

आम्ही दोघंच भावंडं होतो, बहीण नव्हती मला. थँक्यू नाना.