भोंगेकाकांच्या घड्याळाची चावी

"काढून घे ते त्यांच्याकडून."

"का म्हणून? तबकडी तीच, काटे तेच. पट्टासुद्धा चहाच्या पाण्यात भिजवून जुना केलाय मी."

"म्हणूनच म्हणते, काढ. एवढं हुबेहूब खोटं करताना हात थरथरले नाहीत तुझे?"

"हळू बोल ना ताई."

"कशाला हळू? त्यांना ऐकू येतं होय?"

अप्पांना खरंच ऐकू येत नव्हतं. खाटेच्या अलीकडे थोरली लेक, पलीकडे धाकटा लेक, आणि मधे उशीला टेकून बसलेले अप्पा घड्याळाला चावी देत होते. पिळत होते, थांबत होते, पुन्हा पिळत होते.

उभा जन्म त्यांनी कारखान्याचा भोंगा वाजवला. छपराखालच्या पत्र्याच्या खोलीत मनगटाकडे डोळे लावून बसायचं आणि वेळ झाली की साखळी ओढायची. सगळी वस्ती त्यांना भोंगेकाका म्हणायची आणि रोज सकाळी पांघरुणातून त्यांच्या नावाने बोटं मोडायची. "अख्ख्या वस्तीला मी उठवतो," ते सांगायचे, "आणि मला पोरांची आई उठवते, तीही पांघरूण ओढून!" त्या भोंग्यानेच पुढे त्यांचे कान खाल्ले.

कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी मालकाने स्वतःच्या मनगटावरचं भारी परदेशी घड्याळ उतरवून त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून रोज, चूळ भरायच्याही आधी, घड्याळाला चावी. फिरवता फिरवता चावी घट्ट होत जायची, एका जागी अडायची, आणि अप्पा समाधानाने म्हणायचे, "भरलं पोट."

मग आजारपण आलं. पाय गेले, नजरेला नुसत्या सावल्या उरल्या. बोटं तेवढी शाबूत राहिली. चमचा स्वतः धरायचा, शर्टाची गुंडी स्वतः लावायची. ताई मदतीला पुढे झाली की हात झटकायचे. "लांब हो. मी काय तान्हा आहे?"

ते इस्पितळात असताना धाकटा नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी रुबाब म्हणून ते घड्याळ घालून गेला. हात धुताना काढून बेसिनच्या कडेला ठेवलं. विसरला. धावत परत आला तर कडेला नुसतं पाणी. त्या रात्री तो ताईच्या मांडीत डोकं खुपसून रडला होता. नंतर मात्र मोबाइलवर फोटो मोठे करकरून बघत त्याने ऑनलाइन तसंच मागवलं. फर्स्ट कॉपी. रंग पाहिला, अक्षरं पाहिली, मागच्या बाजूची नक्षीसुद्धा पाहिली. फक्त ते चावीवर नाही, बॅटरीच्या सेलवर चालतं, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याच्या पिढीने घड्याळाला चावी दिलीच कधी होती?

"ती चावी नुसती गरगर फिरते रे," ताई म्हणाली. "अडतच नाही कुठे. इस्पितळातून आल्यापासून पिळतायत."

"कंटाळतील आणि देतील सोडून."

"सोडलंच त्यांनी. काय सोडलं ते बघ."

अप्पांच्या शर्टाच्या गुंड्या उघड्या होत्या. छातीवर पेजेचा ओघळ वाळला होता.

"काल चमचा माझ्यापुढे केला. म्हणाले, तूच भरव. घड्याळाची चावी पुरती देता येत नाही, बोटांत जीवच उरला नाही, चमचा काय धरणार? घड्याळ खोटं असेल असं त्यांच्या स्वप्नातसुद्धा येत नाही. स्वतःचे हातच खोटे ठरवून बसलेत."

धाकटा एकदम उसळला, "मग सांगून टाक ना! सांग, तुमच्या दिवट्याने हरवलं म्हणून!"

"गेले होते सांगायला. कानाशी तोंड नेलं, ओरडले, अप्पा, तुमचे हात चांगले आहेत! तर माझ्याच डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, रडू नको गं, वय झालं की व्हायचंच. आणि घड्याळ असं गालाशी धरून बसले. माझी नाही जीभ उचलली पुढे."

"मग मी कसं सांगू?"

"तू हरवलंस. तूच सांग."

तेवढ्यात अप्पांनी मान वर केली. बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज खोलीभर मोठा होता.

"कोण, धाकटा का रे? सावली तुझीच वाटते. बरा आलास. ये इकडे."

तो खाटेशी गेला. अप्पांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि त्यात घड्याळ ठेवलं.

"तरणे हात तुझे. जरा चावी दे बाबा. माझ्याच्यानं होत नाही आता. बघ, तुला लागते का घट्ट?"

त्याने चिमटीत चावी धरली. फिरवली. पुन्हा फिरवली. ताई पदराचा बोळा तोंडाशी धरून त्याच्याकडे बघत राहिली. खाली मान घालून तो फिरवतच राहिला.

"अडली का रे?" अप्पांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं सांग. भरलं पोट?"

धाकट्याचे ओठ हलले, पण ना 'भरलं' निघालं, ना 'हरवलं'. मग त्याने घड्याळ अप्पांच्या तळहातावर ठेवलं, त्यांची बोटं एक एक करून त्यावर मिटवली, आणि चपलाही न घालता दाराबाहेर निघून गेला.