अण्णांची गौळण आणि भिंगारदिवे सरांची गिटार

गेल्या रविवारी बेलापूरला माझ्या माहेरच्या मळ्यात हुरडा होता. आमचा अख्खा गिटार क्लास आला होता, आणि सोबत खुद्द भिंगारदिवे सर!

सर आमच्या नगरचेच. लहानपणी चर्चमध्ये गिटार शिकले, मग मुंबई गाठली... तिथल्या मोठमोठ्या हॉटेलांत आणि पुढे जहाजांवरसुद्धा त्यांनी जॅझ वाजवलं. जॅझमध्ये वाजवता वाजवता कोण कुठे वळेल याचा नेम नसतो, बाकीच्यांनी कान देऊन त्याच्याबरोबर वळायचं, एवढं मला आता कळायला लागलंय.

त्यांची आई आजारी पडली म्हणून सर परत आले, ते इथेच रमले. आता नगरमध्येच, सावेडीत, माझ्यासारख्या पंचेचाळिशीतल्या ढ विद्यार्थिनीला शिकवतात, आणि अजून एकदाही चिडलेले नाहीत. माझं वाजवणं ऐकाल तर ही केवढी मोठी गोष्ट आहे ते समजेल!

आता आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. गावच्या भजनी मंडळात आयुष्यभर गायले. पण घशाचं ऑपरेशन झालं आणि गाताना त्यांची पट्टी सुटायला लागली... सुरू एका सुरात करायचे आणि मध्येच आवाज खाली घसरायचा. एकदा देवळात पेटीवाला वाजवायचा थांबला आणि त्यांच्याकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून अण्णांनी भजनाला जाणं सोडलं. घरातलं गुणगुणणंही बंद. मला ते बघवत नव्हतं.

तर हुरडा खाऊन सगळे सुस्तावले होते. सरांनी गिटार काढली आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, एखादी गौळण होऊ द्या की."

"न्हाई वो सर, आता न्हाई जमत. पट्टी सुटती."

"सुटू द्या. इथं कोण परीक्षा घेतंय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं... आणि चक्क सुरुवात केली. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात आवाज घसरला.

पण सरांची बोटं अण्णांच्या आवाजाबरोबरच सरकली. मध्ये एक अशी काही कॉर्ड लावली की गाणं तिथे वळायचंच होतं असं वाटावं! पुढे आवाज परत चढला, सर परत त्याच्यामागे. अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि शेवटपर्यंत गायले. आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. मीही रडले, लपवत नाही.

गौळण संपली. अण्णा सरांच्या जवळ सरकले आणि हळूच, समजावणीच्या सुरात म्हणाले, "सर, तुमी मधीच दोन-तीनदा पट्टी बदलली बरं का. पन म्या धरलं बरोबर."

आता सर काय म्हणणार? एवढा दर्यावर वाजवून आलेला माणूस...

सर हात जोडून म्हणाले, "हो अण्णा. तुम्ही सांभाळून घेतलंत म्हणून निभावलं."

चेहऱ्यावर हसू नाही, आमच्याकडे बघून डोळा मिचकावणं नाही. परतताना गाडीत मी आभार मानायला लागले, तर सर म्हणाले, "ती गौळण मला लिहून दे. चाल फार गोड आहे."

काल आईचा फोन आला. अण्णा भजनाला गेले होते! आवाज घसरला तेव्हा पेटीवाला पुन्हा थांबला, तर अण्णांनी भर देवळात त्यालाच दम दिला... "थांबतो काय? म्या जाईन तिकडं यायचं. मुंबईचे सर येत्यात, तुला काय झालं?"

आणि तो आला म्हणे मागोमाग, अडखळत का होईना.

सर फेसबुकवर नाहीत, त्यामुळे हे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तरी लिहिते... सर, आई सांगते, आमच्या घरात आता सकाळपासून गाणं चालू असतं.