चेकचा कागद

अगं सुमे, जवळ ये, कान धरते तुझा! लग्न ठरलं ते मावशीला शेजारणीकडून कळावं? पत्रिकेचा कागद आमच्या कागदवाल्याला दाखव. कागद कानाशी खडखडवल्याशिवाय तो बोलतच नाही. भांडुपच्या आमच्या छापखान्याला बँकेचे चेक छापायचं पहिलं काम मिळालं, तेव्हा यांनी त्याच्याकडचाच गुळगुळीत कागद ठरवला होता. तो म्हणाला, “वहिनी, जरा ब्लीच आणा.” त्या कागदावर शाईने आकडा लिहून त्यावर थेंब टाकला. आकडा गायब, कागद कोरा! “चोराची चैन झाली ना! ब्लीच पडलं की चेकवर डाग उठायला हवा. तसा कागद आमच्याकडे नाही, मालाडला मिळेल.” आणि स्वतःच्या हाताने ऑर्डर फाडली. त्याच्यामुळे छापखान्याचं नाव राहिलं गं. रविवारी चहाला येतो तो. तूही ये लवकर, पत्रिका वाजवून घेऊ.