मी खाली असताना जिंकलेल्या मॅचेस

आमच्या बेसबॉल टीमच्या इतिहासातले गाजलेले क्षण मला विचारा. कुठली इनिंग, किती आऊट, बॉल कुठल्या बाजूच्या स्टँडमध्ये जाऊन पडला, सगळं सांगतो. फक्त त्यातला एकही मी पाहिलेला नाही. त्या प्रत्येक वेळी मी अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या घराच्या बेसमेंटमध्ये ड्रायरशेजारी उभा होतो. स्वतःहून नव्हे, घरच्यांनी मला तिथे उभं केलं होतं.

सुरुवात झाली लेक तिसरीत असताना. तिला शाळेतल्या मैत्रिणींमुळे बेसबॉलचं वेड लागलं आणि तिच्यामुळे मला. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ आधी अगदी अळणी वाटतो. दोन-दोन तास कुणी धावच काढत नाही. पण ऑक्टोबरमध्ये पोस्टसीझन, म्हणजे बाद फेरीच्या मॅचेस सुरू झाल्या की त्याच अळणी खेळात जीव अडकतो. त्या रविवारी दुपारी फेरीची निर्णायक मॅच होती आणि बरोबरी चालली होती. बायको म्हणाली, मशीनमधले कपडे ड्रायरमध्ये टाकून ये. मी खाली गेलो आणि वर घर हादरलं. मॅच जिंकून देणारा होम रन, म्हणजे थेट स्टँडमध्ये गेलेला फटका. मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा लेक सोफ्यावर उड्या मारत होती आणि टीव्हीवर खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले होते.

तिथवर ठीक होतं. पण पुढच्या फेरीत टीम पुन्हा अडकली, तेव्हा बायकोने शांतपणे विचारलं, "अरे, खाली काही काम नाही का तुला?"

बायको पुण्याची, मी नागपूरचा. एरवी आमचं पोह्यांवरही एकमत होत नाही. पण मॅच रंगात आली की कुणी जागेवरून हलायचं नाही, आणि जो बाहेर असताना काही चांगलं घडेल त्याने बाहेरच थांबायचं, हा नियम दोघांच्याही घरचा. तो आम्ही सामानाबरोबर इकडे आणला आणि ज्या खेळाशी त्याचा काडीचा संबंध नाही त्याला लावला. मी खाली गेलो. आमच्या फील्डरने कुंपणावर आदळत घेतलेला तो कॅच, ज्याचं पोस्टर आज लेकीच्या खोलीत आहे, मी बेसमेंटच्या छताला लागून जाणाऱ्या हवेच्या पत्र्याच्या डक्टमधून ऐकला. आधी किंचाळी, मग धपधप पावलं, मग बायकोचं "बघितलंस? सांगितलं होतं मी!"

यानंतर मी खाली जाणं ठरूनच गेलं. फोनवर स्कोअर बघायचा नाही, कारण तेही बघणंच झालं, असा पोटनियम लेकीने काढला. एका वर्षी मात्र मला राहवलं नाही. शेवटची इनिंग होती, समोरच्यांचे तीनपैकी दोन आऊट झालेले, एक जण बेसवर, आम्ही एका रनने पुढे. आता काय राहिलंय, म्हणून मी जिन्याने निघालो. वरून चौथ्या पायरीवर होतो. दारातून फक्त माझं डोकं दिसलं असेल. समोरच्या टीमच्या माणसाने होम रन मारला, त्यांना दोन रन मिळाले आणि आमचा सीझन संपला. टीव्हीवर तो फटका दर ऑक्टोबरला दाखवतात. आमच्या घरात त्याला "बाबाची मॅच" म्हणतात. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या वर्षी मुलं जे मनाला लावून घेतात ते काढून टाकणं कुणाला जमत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. मी या बाईला आणि या पोरीला किती वेळा समजावलं, की अगं, मी वर असतानाही आपण जिंकलोय, ते तुम्ही मोजत नाही. लेक म्हणायची, "बाबा, दोज आर रेग्युलर सीझन गेम्स. दे डोन्ट काउंट." बायको म्हणायची, "विषाची परीक्षा कशाला?" माझी चिडचिड व्हायची. आणि खरं सांगायचं तर जिन्याकडे पाऊल टाकताना माझेही पाय अडखळायचे. त्याचीच जास्त चीड यायची.

यंदा लेक बारावीत आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार, तेही कॅलिफोर्नियाकडे जायचं तिच्या मनात आहे. म्हणजे तिच्याबरोबरचा हा शेवटचा ऑक्टोबर. मी आधीच जाहीर केलं, की यंदा मी सोफ्यावर बसणार.

"बाबा, प्लीज. नॉट धिस इयर."

"पुढच्या वर्षी तू नसशील."

"सो? मी फोन करून चेक करीन, तू बेसमेंटमध्ये आहेस की नाही."

बायको हसली. मला हसू आलं नाही. मला एक मॅच, एकच, तिच्या शेजारी बसून पाहायची होती. यात मागण्यासारखं असं काय मोठं होतं?

पण पहिल्याच फेरीची निर्णायक मॅच आली, शनिवारी दुपारी, आणि मी मुकाट्याने खाली गेलो. वाळलेले कपडे पुन्हा ड्रायरमध्ये टाकले. एकाच मोज्याची चार वेळा घडी केली. वर टाळ्या वाजल्या, त्यावरून कळलं की आम्ही पुढे आहोत.

तिथे उभ्या-उभ्या मला आईची आठवण आली. मागच्या भारतवारीत मी तिला सहज विचारलं होतं, "आई, तुला आवडायची का गं क्रिकेटची मॅच?" माझ्या लहानपणी ती पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विकेट पडली, की मीच ओरडायचो, "आई, तू आत जा!" ती जायची. माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, "आवडायची की. आपला एक डावखुरा होता ना, तो फार आवडायचा. पण त्याची एक खेळी काही मला पूर्ण बघायला मिळाली नाही." तक्रारीचा सूर नव्हता. तेव्हा मी विषय बदलला होता. आता ड्रायरच्या घरघरीत मला स्वतःचा इतका राग आला, की हातातला मोजा मी टोपलीत फेकला आणि जिना चढून वर गेलो.

आठवी इनिंग संपत आली होती. लेकीने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. बायको "अरे..." म्हणाली. मी म्हणालो, "एक शब्द बोलू नका." आणि लेकीच्या शेजारी बसलो. ती जरा सरकली, पण उठली नाही. तिच्या गुडघ्यावर टीमची जुनी टोपी होती आणि ती तिची कड दाताने कुरतडत होती. असं ती करते हे मला माहीतच नव्हतं.

नववी आणि शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे, त्यांचे दोघे बेसवर, दोन आऊट. एक साधा, अगदी शाळेतल्या मुलानेही अडवावा असा सरपटी बॉल आमच्या फील्डरकडे आला. त्याने तो उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला, तो सहकाऱ्याच्या डोक्यावरून. बेसवरचे दोघंही धावत होम बेसवर पोचले, त्यांचे दोन रन झाले. मॅच संपली.

बायकोने टीव्ही बंद केला आणि ती आत गेली. मी माझ्या बचावाची वाक्यं जुळवू लागलो, की मी बॉल फेकला नव्हता, हा योगायोग आहे, जगात दुसरीही माणसं सोफ्यावर बसली असतील. लेक समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत होती.

"तू वर का आलास बाबा?"

"तुझ्याजवळ बसायचं होतं. एक तरी मॅच."

तिने डोळे पुसले, आणि चिडूनच म्हणाली, "जिंकलो असतो तर नेक्स्ट राउंडला कमीत कमी चार गेम्स होते. फोर मोअर, बाबा. मी ते काउंट करत होते."