तपकिरी झुबक्यांचा दगड

निवृत्तीनंतर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. तंजावूरच्या उकाड्यात माणसांना पंखा आणि प्रवाळांना एसी! अम्मा कुरकुरायची, मी चिडवायचे. अप्पांना ढिम्म फरक पडत नसे. नवा प्रवाळ आला की त्याचं नाव सांगायचा मान माझा, कारण मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

खरं तर मी प्रवाळ पाहिले ते प्रयोगशाळेच्या बरण्यांत, फॉर्मॅलिनमध्ये पांढरेफटक पडलेले. जिवंत प्रवाळ माझ्यापेक्षा अप्पांनीच जास्त पाहिले होते. पण हे कबूल कोण करणार?

एका सकाळी त्यांचा फोटो आला. टाकीत ठेवायला त्रिचीहून आणलेल्या दगडावर तपकिरी झुबके. कॉलेजात दोन तासिकांच्या मधल्या घाईत मी ओझरतं बघून लिहिलं, "उपद्रवी समुद्रफूल आहे. टाकीभर पसरेल. दगड उकळून काढा."

दुपारी अम्माचा फोन, आमच्या तंजावुरी मराठीत. ती देवळातून परतली तर अप्पा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेले. गॅसवर पातेलं, पातेल्यात दगड. "त्यांला श्वास घेवत नाही गं, अंग कापतंय!"

रिक्षात बसून मी तो फोटो पुन्हा उघडला, मोठा केला. झुबके बुडाशी एकमेकांना चिकटलेले, अंगात वाळू रुतलेली. समुद्रफूल असं नसतंच. ते पॅलिथोआ होतं, प्रवाळांचंच विषारी भावंड. त्याचं विष वाफेवाटे छातीत जातं, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. सांगताना मुलांना जरा घाबरवतेसुद्धा. आणि बापाला तेच उकळायला सांगितलं! मला स्वतःची किळस आली.

हॉस्पिटलात अप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, दगडावर नेमकं काय होतं? मी तोंड उघडण्याआधीच अप्पांनी मास्क बाजूला सारला. धापा टाकत त्यांनी डॉक्टरांना माझ्याकडे बोट दाखवलं आणि मला लाडाने म्हणाले, "सांग, कन्ना. तुला अस्कं ठावं आहे, सगळं."

मी विषाचं नाव सांगितलं. मग मराठीत म्हटलं, "अप्पा, मीच चुकले. मी नीट पाहिलंच नाही."

आठवड्याने ते बरे होऊन घरी आले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकाने सांगतात, लेकीने विष बरोबर ओळखलं म्हणून मी वाचलो.